ऑनलाइन गॉथिक हॉरर रोलप्लेइंग गेमसाठी खेळाडू कसे जमवायचे?

पुस्तक विकत घेतलं, नकाशे तयार केले, पार्श्वसंगीताची यादी लावून ठेवली. पण खेळायला माणसं कुठून आणायची? टेबलटॉप रोलप्लेइंग गेम चालवू पाहणारे बहुतेक जण इथेच अडतात. नागपूरसारख्या शहरात ही अडचण जरा जास्तच जाणवते. हा खेळ माहीत असलेली माणसं थोडी, त्यातली बरीच पुण्या-बंगळुरूला गेलेली, आणि जी उरली त्यांचा शनिवार रात्रीचा कार्यक्रम आधीच ठरलेला. ऑनलाइन खेळामुळे अंतराचा प्रश्न सुटतो, मात्र अनोळखी माणसांना एकत्र बसवून भीतीची गोष्ट खेळायची म्हणजे काही नवे प्रश्न उभे राहतात.

आधी खेळ समजून घेऊ

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा या प्रकारातला पहिला प्रकाशित खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये अमेरिकेत आणला. एक जण गेम मास्टर असतो. तो जग उभं करतो आणि प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि 'मी दार उघडतो', 'मी खोटं बोलते' असं सांगत गोष्ट पुढे नेतात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा. एका बैठकीला सेशन म्हणतात, एकाच बैठकीत संपणाऱ्या गोष्टीला वन-शॉट आणि महिनोन्महिने चालणाऱ्या गोष्टीला कॅम्पेन. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही.

आपल्याकडच्या माणसाला हे समजावायला दशावताराचं उदाहरण बरं पडतं. कथा ठरलेली, पण संवाद रंगमंचावर उभं राहून तिथल्या तिथे रचायचे. फरक एवढाच, की इथे पुढे काय होणार हे सूत्रधारालाही पूर्ण ठाऊक नसतं.

गॉथिक हॉररचं वेगळेपण काय?

होरेस वॉलपोलची 'द कॅसल ऑफ ओट्रान्टो' ही १७६४ मधली कादंबरी या प्रकाराची सुरुवात मानली जाते. पुढे 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) आणि 'ड्रॅक्युला' (१८९७) आल्या. जुनी वास्तू, घराण्यावरचं सावट, दडपलेला गुन्हा आणि मेल्यावरही सुटत नाही अशी हाव, हा त्यातला मसाला. राक्षस अंगावर आला म्हणून इथे भीती वाटत नाही. तो कधीकाळी माणूस होता आणि असा का झाला हे कळत जातं, म्हणून वाटते.

खेळात हे सगळं आलं ते मुख्यतः 'रेव्हनलॉफ्ट'मुळे. ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याने १९८३ मध्ये लिहिलेल्या या साहसकथेत काउंट स्ट्राड नावाचा व्हॅम्पायर धुक्याने वेढलेल्या बारोव्हिया प्रांतावर राज्य करतो. तिच्यावर आधारलेलं 'कर्स ऑफ स्ट्राड' २०१६ मध्ये आलं आणि आज गॉथिक कॅम्पेन म्हटलं की बहुतेकांना तेच आठवतं. २०२१ च्या 'व्हॅन रिक्टेन्स गाइड टू रेव्हनलॉफ्ट'मध्ये कलाकेरी नावाचा भारतीय वळणाचा प्रांत आहे. तो अजित जॉर्ज यांनी लिहिला आहे आणि तिथली गोष्ट गादीवरून भावंडांत पेटलेल्या वैराची आहे. आपल्याला ती काही परकी वाटत नाही.

मराठी वाचकाला या वातावरणाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचलेल्या माणसाला बंद खोली म्हणजे काय ते कळतं. 'तुंबाड' (२०१८) पाहिलेल्याला पाऊस, वाडा आणि हाव यांचं नातं समजतं. नागपूरकराला तर इतिहासही हाताशी आहे. तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये औरस वारसाविना वारले, डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केलं आणि राजवाड्यातलं जडजवाहीर लिलावात गेलं. एका गॉथिक कॅम्पेनला याहून जास्त काय हवं?

पण याच वेगळेपणामुळे खेळाडू निवडणं अवघड होतं. नेहमीच्या साहसकथेत एखादा विनोदवीर खपून जातो, इथे तो वातावरण मोडतो. स्ट्राड मेणबत्ती घेऊन जिना उतरतोय आणि कुणी म्हणालं, "काऊन बे, लाइट गेली का?" की संपलं. हसू यायला हरकत नाही. भीतीच्या खेळात सगळे हसतातच, तो भीतीचाच निचरा असतो. पण दर पाच मिनिटांनी हसवायलाच हवं असं वाटणारा खेळाडू या टेबलावर नको. आणि प्रत्येक लढाई जिंकायचीच या हिशेबाने पात्र बांधणारा तर त्याहून नको, कारण गॉथिकमध्ये पळून जाणं हा अनेकदा सर्वांत शहाणपणाचा निर्णय असतो.

मग माणसं शोधायची कुठे?

साधारणपणे आधी 'हा खेळ कुणाला येतो?' असं विचारलं जातं. त्याऐवजी 'गोष्टीत रमतं कोण?' हे विचारा. नियम दोन सेशनमध्ये शिकवता येतात. दुसऱ्याचं ऐकून घेणं आणि आपल्या पात्राला त्रास होऊ देणं शिकवता येत नाही.

म्हणून एकांकिका स्पर्धांमध्ये काम केलेली मुलंमुली, वाचनालयात भयकथांच्या कपाटापाशी रेंगाळणारे, क्विझ क्लब आणि बोर्ड गेमवाले ही पहिली ठिकाणं. नागपुरात व्हीएनआयटीसारखी मोठी अभियांत्रिकी संस्था आहे, इतर कॉलेजं आहेत, मिहानमध्ये आयटीवाले आहेत. यांच्यात कॉम्प्युटरवरचे रोलप्लेइंग गेम खेळलेले बरेच सापडतात, फक्त त्यांना हा प्रकार माणसांसोबत खेळता येतो हे माहीत नसतं. झाडीपट्टीची नाटकं रात्रभर बसून पाहिलेला भंडारा-गोंदियाकडचा मित्र असेल तर त्याला आवर्जून विचारा. चार-चार तास गोष्टीत बसण्याची सवय त्याला आधीच आहे.

दुसरा मोठा साठा म्हणजे शहर सोडून गेलेले नागपूरकर. पुणे, बंगळुरू, दुबई, न्यू जर्सी. त्यांना महिन्यातून चार वेळा आपल्या बोलीत तीन तास बोलायला मिळणार, हेच त्यांच्यासाठी मोठं आकर्षण असतं. भाषेचं आधीच ठरवून सांगा. नियमांची पुस्तकं इंग्रजीत आहेत, पण टेबलावर मराठी, हिंदी आणि मधूनमधून इंग्रजी असंच चालतं आणि ते चांगलंच चालतं. मराठीत भीती लवकर पोहोचते, असं माझं मत आहे. 'बेसमेंट' म्हटल्यावर जे होत नाही ते 'तळघर' म्हटल्यावर होतं.

आवाहन कसं लिहावं?

'डीअँडडी खेळायला कोण येणार?' एवढंच टाकलं तर दहा जण हात वर करतात, दोन येतात आणि तिसऱ्या शनिवारी एकच उरतो. आवाहनात लोक काय टाळतात ते पाहिलं तर कारण कळतं. वेळ नसते, किती महिने चालणार ते नसतं आणि गोष्टीत काय काय येणार हे तर कुणीच लिहीत नाही. खाली एक नमुना आहे. तो जसाच्या तसा वापरायची गरज नाही.

"बारोव्हिया नावाच्या धुक्यातल्या प्रांतात अडकलेल्या प्रवाशांची गोष्ट खेळायची आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स, पाचवी आवृत्ती. दर शनिवारी रात्री ९ ते १२, भारतीय वेळ. साधारण वर्षभर चालेल. पाच जागा. नियम येत नसले तरी चालेल, मी शिकवीन. भाषा मराठी-हिंदी. फक्त १८ वर्षांवरील. गोष्टीत रक्तपात, मृत्यू, एका स्त्रीचा पिच्छा पुरवणारा खलनायक आणि लहान मुलांना असलेला धोका येतो. कुणाला काय नको हे आधी विचारून घेतलं जाईल. लैंगिक अत्याचाराचे प्रसंग खेळले जाणार नाहीत. फी नाही, काही विकत घ्यावं लागणार नाही. कॅमेरा ऐच्छिक, माइक हवा. इच्छा असेल तर तीन गोष्टी लिहून पाठवा: आवडलेली एक भयकथा किंवा चित्रपट, शनिवारी तुम्ही साधारण किती वेळा मोकळे असता, आणि कोणत्या प्रकारचं पात्र खेळायला आवडेल."

यात खलनायक पिच्छा पुरवतो हे आधीच सांगितलं आहे. काहींना वाटतं, की यामुळे मजा जाते. 'कर्स ऑफ स्ट्राड'चा कणाच हा आहे, की स्ट्राड एका तरुणीला आपली गेल्या जन्मीची प्रेयसी समजून तिच्या मागे लागतो. प्रत्यक्षात असा अनुभव आलेली एखादी खेळाडू चौथ्या सेशनमध्ये अचानक त्या प्रसंगात सापडली, तर ती खेळातल्या भयापलीकडची गोष्ट होते. ती बहुधा काही बोलणार नाही, फक्त पुढच्या शनिवारी येणार नाही. आणि बाकीचे म्हणतील, 'लोक सिरियसली घेत नाहीत.'

शेवटच्या तीन प्रश्नांचं कामही ठरलेलं आहे. उत्तरं फार साहित्यिक असायला नकोत. ज्याने तीन ओळी लिहिण्याची तसदी घेतली तो येतो, ज्याने 'इंटरेस्टेड' एवढंच पाठवलं तो बहुतेक वेळा येत नाही.

पाचच जागा का?

समजा प्रत्येक खेळाडू पाचातल्या चार शनिवारी हजर असतो. नोकरी-घर सांभाळणाऱ्या माणसासाठी हे चांगलंच प्रमाण आहे. तरी पाचही जण एकाच वेळी हजर असण्याची शक्यता साधारण ३३ टक्के, म्हणजे तीन शनिवारांत एकदा. 'सगळे आले तरच खेळू' असं ठरवलं तर कॅम्पेन दोन महिन्यांत मरतं, ते याच हिशेबाने. 'तिघे आले की खेळायचं' असं ठरवलं तर पाच जणांच्या गटात ही शक्यता सुमारे ९४ टक्क्यांवर जाते, चार जणांच्या गटात ती ८२ टक्के राहते. म्हणून पाच. सहा-सात केले तर ऑनलाइन बोलण्यात सगळे एकमेकांवर आदळतात, आणि गॉथिकला लागणारी शांतता मिळत नाही. गैरहजर पात्राला धुक्याने गिळलं असं सांगायची सोय या जगात आहेच.

निवड करताना

आलेल्या उत्तरांतून सात-आठ जण निवडून प्रत्येकाशी पंधरा मिनिटं बोला. मुलाखतीसारखं नको. मागच्या खेळात, नाटकात किंवा अगदी क्रिकेट टीममध्ये कुणाशी वाजलं होतं का आणि मग काय केलं, एवढ्या गप्पांतून बरंच कळतं. त्यानंतर एक वन-शॉट ठेवा. पडका वाडा, एक रात्र, पहाटेपर्यंत बाहेर पडायचं, एवढी गोष्ट पुरते. दुसरा बोलत असताना कोण ऐकतं, कोण दुसऱ्याच्या पात्राला प्रश्न विचारतं, हे इथे दिसतं.

नकार मात्र स्पष्ट द्या. 'बघतो, कळवतो' म्हणत माणसाला लटकत ठेवण्याची आपली जुनी सवय आहे. "या गटाचा सूर थोडा वेगळा आहे, यावेळी जमणार नाही," एवढं सांगितलं तर नागपूरसारख्या ठिकाणी पुढे समोरासमोर भेटणंही अवघड होत नाही.

सुरक्षिततेची एक बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. व्हॉट्सॲप ग्रुप केला, की प्रत्येकाचा मोबाइल नंबर बाकीच्या सगळ्यांना दिसतो. अनोळखी लोकांचा गट असेल तर सुरुवात डिस्कॉर्डवर करा, तिथे टोपणनाव पुरतं. खऱ्या नावाची, फोटोची, पत्त्याची मागणी करू नका. खेळाडूंनी एकमेकांना खासगी संदेश पाठवायचे की नाहीत हेही आधी ठरवा. सेशन रेकॉर्ड करायचं असेल तर प्रत्येकाची परवानगी हवी, आणि एकाने जरी नाही म्हटलं तरी रेकॉर्डिंग नाही.

वयाची अट शोभेची नाही. वर्षभर रात्री बारापर्यंत चालणाऱ्या, प्रौढ आशयाच्या खेळात अनोळखी मोठ्या माणसांबरोबर सोळा वर्षांचा मुलगा बसवणं योग्य नाही, मग तो कितीही हुशार असो. शाळकरी मुलांना खेळवायचंच असेल तर वेगळा गट, सौम्य गोष्ट, दिवसाची वेळ आणि पालकांना पूर्ण कल्पना, असं करा. 'ऑनलाइन गेम' आणि 'फासे' हे दोन शब्द एकत्र ऐकले की घरच्यांना जुगार आठवतो, त्यांचाही दोष नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने केलेल्या कायद्याने बंदी आणली ती पैसे लावून, पैसे जिंकण्याच्या आशेने खेळायच्या ऑनलाइन खेळांवर. इथे पैज नसते, बक्षीस नसतं. हे एकदा शांतपणे समजावून सांगितलं की काम होतं.

भीती कुठे थांबवायची?

खेळाडू ठरले की पहिली बैठक खेळाची नसते. तिला सेशन झीरो म्हणतात. त्यात पात्रं बनतात, नियम ठरतात आणि मर्यादा आखल्या जातात. दोन साधनं यासाठी जगभर वापरली जातात. पहिलं 'रेषा आणि पडदे', ही कल्पना गेम डिझायनर रॉन एडवर्ड्स यांची. रेषा म्हणजे जे गोष्टीत येणारच नाही. पडदा म्हणजे जे घडेल, पण दाखवलं जाणार नाही, जुन्या सिनेमात कॅमेरा खिडकीकडे वळायचा तसं. दुसरं एक्स-कार्ड, ते जॉन स्टॅव्ह्रोपुलोस यांनी मांडलं. खेळताना कुणालाही नको वाटलं की चॅटमध्ये 'एक्स' टाकायचं. प्रसंग तिथेच थांबतो किंवा बदलतो आणि कारण विचारलं जात नाही.

मर्यादा सगळ्यांसमोर विचारू नका. आपल्याकडे चारचौघांत 'मला याची भीती वाटते' म्हणायला माणूस कचरतो. नाव न मागणारा ऑनलाइन फॉर्म द्या आणि आलेली यादी कुणी काय लिहिलं ते न सांगता वाचून दाखवा.

परदेशी पुस्तकांतल्या याद्यांमध्ये कोळी, रक्त, बंद जागा असं बरंच असतं. विदर्भात खेळताना ती यादी पुरत नाही. सावकाराच्या वाड्यावरची भुतं ही छान गॉथिक कल्पना आहे, पण यवतमाळ किंवा अमरावतीकडच्या एखाद्या खेळाडूच्या घरात कर्जापायी आत्महत्या झालेली असू शकते. आत्महत्येचा विषय विचारल्याशिवाय आणूच नका.

चेटकिणीचंही तसंच. कथेत गावकरी चेटकीण समजून बाईला जाळायला निघतात, हा प्रसंग युरोपीय गोष्टींत नेहमीचा. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात ऑगस्ट २०२१ मध्ये जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना भरचौकात बांधून मारहाण झाली होती. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो उगाच नाही. असा प्रसंग घ्यायला हरकत नाही, पण मग गोष्ट संशय घेणाऱ्यांकडून सांगायची की जिच्यावर संशय आहे तिच्याकडून, हे गेम मास्टरने आधी ठरवलेलं बरं.

आणि 'कर्स ऑफ स्ट्राड'मधले व्हिस्तानी. मूळ पुस्तकात हे भटके लोक युरोपातल्या रोमा समाजाबद्दलच्या पूर्वग्रहांवरून रंगवले होते, दारुडे आणि दगाबाज. टीका झाल्यावर प्रकाशकांनी २०२० मध्ये त्या मजकुरात बदल केले. गोष्ट विदर्भात आणताना व्हिस्तानींच्या जागी पारधी बसवण्याचा मोह होतो, आणि तो टाळायलाच हवा. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अशा अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, १९५२ मध्ये त्या विमुक्त झाल्या, पण शिक्का अजून पुसलेला नाही. तुमच्या टेबलावर बसलेल्या कुणाचं आडनाव कशामुळे लपवलेलं आहे, ते तुम्हाला ठाऊक नसतं.

वेळ, सण आणि घड्याळ

शनिवारी नागपुरात रात्रीचे ९ म्हणजे दुबईत साडेसात. लंडनमध्ये उन्हाळ्यात दुपारचे साडेचार, हिवाळ्यात साडेतीन. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा, हिवाळ्यात साडेदहा. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, ब्रिटनमधली मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. या मधल्या आठवड्यांत हमखास कुणीतरी तासभर आधी किंवा उशिरा येतं. वेळ कायम भारतीय घड्याळाने लिहा.

सुट्ट्याही आधीच धरून ठेवा. पोळा, तान्हा पोळा आणि मारबत, मग गणपती, महालक्ष्म्या, दसरा आणि दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, दिवाळी. ऑगस्टअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत दर आठवड्याला खेळ होणारच नाही. कॅम्पेन नोव्हेंबरअखेरीला सुरू करून परीक्षांच्या आधी पहिला टप्पा संपवला तर गट टिकतो. पितृपक्षात 'भुतांचा खेळ' नको असं एखाद्याच्या घरी म्हणतात. वाद घालू नका, दोन आठवडे सोडून द्या.

खर्च फारसा नाही. डिस्कॉर्ड आणि रोल२० फुकट वापरता येतात. फाउंड्री घ्यायचं तर परवाना फक्त गेम मास्टरला लागतो. मूळ नियमांचा मोठा भाग जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोफत आहे, त्यामुळे खेळाडूंना चोरीची पीडीएफ पाठवण्याचं कारण नाही.

मधेच कुणी सोडून गेलं तर?

वर्षभरात एक-दोन जण जातातच. बदली, लग्न, बाळ, नाहीतर नुसता कंटाळा. पहिल्या निवडीत वन-शॉटपर्यंत आलेले पण जागा न मिळालेले दोघे-तिघे असतात, त्यांच्याशी संबंध ठेवा. अधूनमधून त्यांना एखाद्या सेशनपुरतं पाहुणं पात्र द्या, वाड्यातला नोकर किंवा रस्त्यात भेटलेली वैद्यबाई. जागा रिकामी झाली की त्यांना गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागत नाही. जाणाऱ्याचं पात्र लगेच मारून टाकू नका. त्याला विचारा, याचं काय व्हावं? बरेच जण म्हणतात, स्ट्राडच्या बाजूला जाऊ दे. मग पाच-सहा महिन्यांनी, किल्ल्याच्या शेवटच्या जिन्यावर, उरलेल्यांना जुना सोबती समोर उभा दिसतो.